खासगीचा गल्ला, नांगराचा शब्द आणि महेश्वरी लुगडं : विक्रीतून शिक्षण चालवण्याच्या काही तऱ्हा

मंडळाच्या मागच्या बैठकीत हिशेब मांडताना एका ज्येष्ठ सभासदांनी मला दोन प्रश्न विचारले. पुस्तिका विकून मुलं शिकवायची, ही कल्पना कुणाची? आणि अशी कल्पना आजवर कुठे चालली आहे का? पहिल्याचं उत्तर सोपं होतं. कल्पना माझी. दुसऱ्या प्रश्नावर मी गप्प बसलो. हे टिपण त्या गप्प बसण्याची भरपाई आहे, आणि थोडी कबुलीही आहे.

नव्या वाचकांसाठी आधीची हकिकत थोडक्यात सांगतो. आग्रा-मुंबई रस्त्यावर खलघाटचा पूल ओलांडणारे हजारो लोक धरमपुरीचं नाव पाटीवर वाचतात आणि पुढे जातात. थांबतात ते परिक्रमावासी. नर्मदेच्या उत्तर काठावरचं हे गाव, पात्रातल्या बेटावर बिल्वामृतेश्वराचं देऊळ, काठावर मुक्कामाची सोय. या मंडळींना गावाची माहिती मराठीत आणि हिंदीत मिळावी म्हणून मंडळानं एक छोटी पुस्तिका काढली. किंमत साठ रुपये. छपाईला प्रतीमागे बावीस जात, दुकानदाराला बारा, आणि हातात उरत सव्वीस. पहिल्या आवृत्तीच्या सहाशे प्रती विकल्या गेल्या आणि १५,६०० रुपये उरले. तेव्हा मी सुचवलं, की काठावरच्या नावाडी आणि कहार घरांतली तीन मुलं नववीसाठी धामनोदला जातात, त्यांची फी, पुस्तकं आणि बसभाडं यातून द्यावं. आठवीपर्यंत सरकारी योजनांचा आधार असतो, नववीला तो सुटतो आणि मुलंही तिथेच सुटतात, हे आपण सगळे बघतो. तिघांचा वर्षाचा खर्च अठरा हजार धरला होता. कमी पडले ते २,४०० रुपये सभासदांनी घातले. टाळ्या पडल्या. माझा फोटोही निघाला.

मग मी उत्साहाच्या भरात जानेवारी २०२० मध्ये एक हजार प्रती छापायला टाकल्या. नर्मदा जयंतीला बरी विक्री झाली, मार्चपर्यंत तीनशे प्रती गेल्या. पुढे काय झालं ते सांगायला नको. परिक्रमा थांबली, घाट सुने पडले. तीनशे प्रतींचे १४,४०० रुपये आले होते, छापखान्याचं बिल बावीस हजारांचं होतं. म्हणजे पुस्तिकेच्या खात्यावर मुलांसाठी शून्य आणि देणं ७,६००. सातशे प्रती माझ्या माळ्यावर आहेत, अजूनही. शाळा बंद होत्या, त्यामुळे बसभाडं वाचलं, पण मोबाइल हवा होता. तो दोन घरांत कसाबसा आला, तिसऱ्या घरात आला नाही. त्या घरातली मुलगी शाळा सुरू झाल्यावर परत गेली नाही.

मी पीथमपूरच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं काढली. यंत्र बंद पडलं की आधी भाग दोषी की जोड दोषी हे बघायची सवय आहे. पुस्तिका वाईट नव्हती, मुलं हुशार होती. दोष जोडात होता: विक्री आणि फी यांच्यामध्ये मी काहीच ठेवलं नव्हतं. इतिहासात लोकांनी मध्ये काय काय ठेवलं हे मग शोधू लागलो.

वहीचं मलपृष्ठ

सुरुवात आजपासून करतो, कारण उदाहरण प्रत्येकाच्या घरात आहे. आयटीसी कंपनीची 'क्लासमेट' वही उचला. दर चार वह्यांच्या खरेदीमागे कंपनी एक रुपया ग्रामीण विकासाच्या कामाला देते आणि त्यातून प्राथमिक शिक्षणालाही मदत होते, असा मजकूर या वह्यांवर छापला जात आला आहे. प्रॉक्टर अँड गॅम्बल ही कंपनी २००५ पासून 'शिक्षा' नावाचा असाच उपक्रम चालवते. तिकडे अमेरिकेत पॉल न्यूमन या नटानं १९८२ मध्ये सॅलडवर घालायचं ड्रेसिंग बाटलीत भरून विकायला घेतलं आणि नफा सगळाच्या सगळा दानात द्यायचं ठरवलं.

चार वह्यांना एक रुपया म्हणजे किती? धामनोदला जाणाऱ्या एका मुलाचा आमचा खर्च सहा हजार. तो या हिशेबानं काढायचा तर चोवीस हजार वह्या विकायला हव्यात. मोठ्या कंपनीला ते अवघड नाही, तिच्या वह्या देशभर जातात. पण यात एक गोष्ट लक्षात घ्यायची. विक्री घटली तर कंपनीचा रुपया घटतो, आणि रुपया किती द्यायचा हे कंपनीच ठरवते. गावातल्या मुलाचा त्या ठरवण्यात हात नसतो. मी हे दोष म्हणून सांगत नाही. साध्या दानापेक्षा हा प्रकार शिस्तीचा आहे. पण या जोडाची दोरी एकाच टोकाला धरलेली आहे, एवढंच.

खासगी

आता आपल्या काठावर येऊ. धरमपुरी पवारांच्या धार संस्थानात होती, आणि इथून तासाभरावर वरच्या अंगाला असलेलं महेश्वर होळकरांचं. दोन्ही गावं एकाच नदीचं पाणी पितात, पण दप्तरं वेगळी. त्यामुळे धारकडची मंडळी होळकरांच्या कारभाराकडे जरा परकेपणानं बघतात. ते बाजूला ठेवून 'खासगी' ही चीज समजून घेण्यासारखी आहे.

१७३४ मध्ये पेशव्यांकडून मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावानं स्वतंत्र जहागीर मिळाली. दौलतीचा महसूल वेगळा आणि ही खासगी वेगळी. गौतमाबाईंनंतर ती अहिल्याबाईंकडे आली. १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनी कारभार केला, आणि देशभर जे घाट, देवळं, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रं उभी केली त्यांचा खर्च मुख्यतः या खासगीतून झाला. फौजेचा पगार आणि काशीच्या देवळाचा खर्च एका गल्ल्यातून निघत नव्हता. खासगीच्या धनावर त्यांनी तुळशीपत्र ठेवलं अशी कथा सांगतात. कथा खरी असो नसो, हिशेबाच्या भाषेत तिचा अर्थ नेमका आहे: या पैशाला आता दुसरं तोंड नाही.

ही काही मालाच्या विक्रीतून चालणारी शाळा नव्हे, हे मलाही कळतं. अहिल्याबाईंनी विद्वानांना आश्रय दिला, पण गरिबाच्या पोराला अक्षरओळख करून देणारी आजच्या अर्थाची शाळा हा त्या काळाचा विषय नव्हता. तरी मी खासगी इथे आणली ती जोडासाठी. धर्मादायाचा खर्च दरवर्षीच्या मर्जीवर न सोडता जमिनीच्या उत्पन्नाला बांधून टाकलेला होता. एखादं पीक बुडालं तरी जमीन राहते, पुढच्या वर्षी परत पिकते. कारखान्यात फ्लायव्हील असतं ना, इंजिन क्षणभर मंदावलं तरी गरगरत राहून यंत्र चालू ठेवणारं जड चाक, तसं हे काम होतं. या खर्चाची सोय इतकी चिवट निघाली की होळकर संस्थान १९४८ मध्ये मध्य भारतात विलीन झाल्यावरही ती संपली नाही. १९६२ मध्ये या धर्मादायांसाठी खासगी ट्रस्ट स्थापन झाला. राज्य गेलं आणि गल्ला राहिला, असं आपल्याकडे क्वचितच घडलं असेल.

लुगडं आणि त्याचं गिऱ्हाईक

खासगीच्या बरोबरीनं महेश्वरात दुसरी एक गोष्ट रुजली. अहिल्याबाईंनी राजधानी इथे आणल्यावर बाहेरगावांहून विणकर बोलावून वसवले. सुरत, बऱ्हाणपूर, मांडू अशी नावं परंपरेनं सांगितली जातात. हिंदू विणकर होते, मुसलमान विणकरही होते, आणि आजही आहेत. त्यांनी विणलेल्या नऊवाऱ्या आणि पागोटी दरबारात वापरायची, आल्या-गेल्या पाहुण्यांना आणि सोयऱ्यांना भेट द्यायची. महेश्वरी लुगड्याचे जे गुण पुढे नावाजले गेले, म्हणजे दोन्ही बाजूंनी नेसता येईल असा काठ, पदरावरचे पाच पट्टे, अंगभर बुट्टे न घालता काठावर दिलेला भर, त्यांची नावंही घरगुती आहेत. काठाच्या नक्षीत वीट, चटई, हिरा, चमेलीचं फूल. घाटावर उभं राहून किल्ल्याच्या भिंतीकडे पाहिलं की यातल्या निम्म्या गोष्टी समोर दिसतात. मराठी घरांत हे लुगडं माहेरच्या वस्तूसारखं सांभाळलं जातं. आमच्या आजीचं बैंगणी चंद्रकळेचं पातळ माझ्या आईनं तिच्या मागे तीस वर्षं ट्रंकेत ठेवलं होतं, आणि दर दिवाळीला ऊन दाखवून परत घडी करून ठेवायची.

पण दरबार हेच मोठं गिऱ्हाईक असलं की काय होतं ते १८१८ नं दाखवलं. महिदपूरच्या लढाईनंतर मंदसोरचा तह झाला आणि होळकरांची राजधानी इंदूरला गेली. महेश्वरच्या घाटावर शांतता आली. पुण्याकडच्या आणि नागपूरकडच्या बायकांनी लुगडं नेसणं सोडलं नाही म्हणून माग पूर्ण थांबले नाहीत. पण नंतर गिरणीचं कापड आलं, पुढे यंत्रमाग आले, नऊवारी मागे पडून पाचवारी आली. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर कितीतरी विणकर घरांनी माग उतरवले. कुणी हमाली धरली, कुणी इंदूर गाठलं.

कूपरचा नांगर

इथून मी थोडा वेळ नर्मदाकाठ सोडून सातारला जातो. बैठकीतल्या प्रश्नाचं सर्वांत कडू उत्तर तिथे आहे.

कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याला रयत शिक्षण संस्थेचे म्हणून माहीत. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी त्यांनी संस्था सुरू केली, १९२४ मध्ये सातारला सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह काढलं, आणि १९२७ मध्ये गांधीजी तिथे येऊन गेले. पण त्याआधीचे भाऊराव फिरते विक्रेते होते. ओगल्यांच्या काच कारखान्याचा माल त्यांनी विकला, किर्लोस्करांचे लोखंडी नांगर गावोगाव फिरून विकले. शेतकरी लोखंडी नांगराला भीत होता, जमिनीत विष उतरेल म्हणत होता, त्या काळची ही गोष्ट. नांगर विकता विकता त्यांनी गावं पाहिली आणि शाळेवाचून राहिलेली पोरंही पाहिली.

पुढे धनजीशा कूपर यांनी साताऱ्याजवळ कारखाना काढला, त्यामागे भाऊरावांची खटपट होती. कारखान्याच्या उत्पन्नातला वाटा बहुजनांच्या मुलांच्या शिक्षणाला द्यायचा, असं दोघांत बोलणं झालं होतं. नांगर खपतील तशी मुलं शिकतील, असा सरळ हिशेब. कारखाना चालला. वाटा मात्र मिळाला नाही. भाऊराव इतके संतापले की बंदूक घेऊन कूपरवर चालून निघाले आणि जवळच्या माणसांनी त्यांना आवरलं, ही हकिकत त्यांच्या चरित्रांत येते. अनेकदा ती भाऊरावांच्या तापट स्वभावाचा नमुना म्हणून सांगतात. मला तिच्यात स्वभावापेक्षा व्यवहार जास्त दिसतो. उत्पन्न एकाच्या हातात, मुलं दुसऱ्याच्या पदरात, आणि मध्ये फक्त तोंडचा शब्द. पहिल्या वर्षी माझ्या पुस्तिकेचंही तेच होतं, फक्त शब्द देणारा आणि घेणारा एकच होता म्हणून बंदुकीची वेळ आली नाही.

यानंतर भाऊरावांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. एकाच कारखान्याच्या वाट्यावर त्यांनी पुन्हा संस्था टांगली नाही. गावोगावहून धान्य गोळा केलं. मुलांनाच शेतात, बांधकामावर कामाला लावून 'कमवा आणि शिका' उभं केलं. वसतिगृहात अन्न नव्हतं तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. ही गोष्ट आपण डोळे पुसत सांगतो. मी ती सांगताना हल्ली थोडा अडखळतो. उत्पन्नाचा जोड नीट नसला की त्याची किंमत घरातल्या बाईच्या गळ्यातून वसूल होते, हे आमच्या माळ्यावरच्या सातशे प्रतींनी मला शिकवलं. छापखान्याचे ७,६०० रुपये बायकोच्या भिशीतून गेले, हे मी बैठकीत सांगितलं नव्हतं.

महाराष्ट्रात याच्यावर आणखी एक तोड निघाली. १९५० मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, आणि मग इतर कारखाने आले. शेतकऱ्याच्या ऊसबिलातून टनामागे ठरावीक रक्कम कापायची आणि तिच्यातून शाळा, वसतिगृहं, कॉलेजं काढायची, ही रीत त्या भागात पडली. इथे पैसा गिऱ्हाईक देत नाही, माल पिकवणारा देतो. साखर खाणाऱ्या मुंबईकराला पत्ताही नसतो की आपल्या चहामागे एखादी शाळा आहे. कपात सभेत ठरते, म्हणजे कागदावर असते, शब्दावर नसते. पुढे या शिक्षणसंस्थांमध्ये मूळ ऊसवाल्याच्या पोरालाच जड वाटेल अशी फी आली, तो भाग वेगळा आणि मोठा आहे.

रेवेच्या नावाची सोसायटी

आता परत महेश्वर. १९७८-७९ च्या सुमारास शिवाजीराव उर्फ रिचर्ड होळकर आणि त्यांच्या पत्नी सॅली होळकर यांनी इथे रेहवा सोसायटी सुरू केली. रिचर्ड हे इंदूरचे शेवटचे राजे यशवंतराव दुसरे यांचे चिरंजीव, सॅली मूळच्या अमेरिकेच्या. रेवा म्हणजे नर्मदाच. सुरुवात अगदी थोड्या मागांवर झाली आणि भर बायकांना विणायला शिकवण्यावर होता. तोवर विणकर घरातल्या बाईच्या वाट्याला कांड्या भरणं, सूत उकलणं, ताण्याची तयारी करणं अशी पडद्यामागची कामं मुख्यतः येत. मागावर बसून धोटा फेकणारा पुरुष. लुगड्याचे पैसे त्याच्या हातात.

कधी किल्ल्यावर गेलात तर घाटाकडे उतरण्याआधी रेहवाच्या मागांकडे जा. खटखट आवाज लांबूनच येतो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा अर्धा तास डॉबीकडेच बघत उभा होतो. काठाची नक्षी उठवणारं हे लाकडी यंत्र मागाच्या डोक्यावर बसवलेलं असतं, आणि खुंट्या मारलेल्या पट्ट्यांची माळ फिरेल तसे दोरे उचलले जातात. संगणकाच्या कितीतरी आधीचा प्रोग्रॅम. मागावरची बाई माझ्याकडे बघून हसली. तिच्या दृष्टीनं हे रोजचं.

नक्षी जुनी ठेवली, पण माल बदलला. नऊवारीचं गिऱ्हाईक आटलं होतं, म्हणून शहरी बायकांना रुचतील असे रंग, हलकं रेशमी-सुती पोत, पुढे दुपट्टे, ओढण्या, स्टोल. विक्री दिल्ली-मुंबईच्या प्रदर्शनांत आणि परदेशात. आणि या विक्रीतून विणकरांच्या मुलांसाठी शाळा, औषधपाणी, घरं. शाळेत विणकरांची मुलं फी न देता शिकतात.

वही, नांगर, साखर यांच्यापेक्षा इथला जोड वेगळा कसा, यावर मी बराच विचार केला. पहिली गोष्ट, विकणारा आणि शाळा चालवणारा एकच आहे. सोसायटी म्हणून नोंदलेली संस्था शिल्लक सभासदांना वाटून घेऊ शकत नाही, ती संस्थेच्या हेतूवरच खर्चावी लागते. कूपरनं जे केलं ते इथे करायचं तर कायदाच मोडावा लागेल. अहिल्याबाईंच्या खासगीशी याचं नातं मला इथे दिसतं, एकाच घराण्याचं नाव दोन्हीकडे आहे म्हणून नव्हे, तर पैशाचं तोंड आधीच बांधलेलं आहे म्हणून. दुसरी गोष्ट, ज्या मुलाची फी निघते त्याचीच आई तो माल विणते. गिऱ्हाईक दया म्हणून पैसे देत नाही, लुगडं आवडलं म्हणून देतं. मूल कुणाच्या उपकारात राहत नाही.

पण खासगीकडे जमीन होती, इथे बाजार आहे. जड चाक नाही. महेश्वरी साड्यांना भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तरी यंत्रमागावरची किंवा नुसती छापलेली नक्कल 'महेश्वरी' म्हणून कुठल्याही शहरातल्या दुकानात निम्म्या किमतीला मिळते. ती घेणाऱ्या बाईला दोष काय द्यायचा, तिलाही घर चालवायचं असतं. काठ उलटून बघा, एवढंच मी ओळखीच्यांना सांगतो. खऱ्या काठाची मागची बाजूही नेसण्याजोगी असते.

दुसरी अडचण जास्त खोल आहे, आणि ती मला कुठल्या पुस्तकात नव्हे, महेश्वरच्या एका गल्लीत कळली. घरच्या मागावर काम करणाऱ्या एका मावशींना मी विचारलं, मुलगी काय करते? म्हणाल्या, बारावी झाली, नर्सिंगला गेली. मी म्हटलं, मग माग कोण चालवणार? त्यांनी धोटा थांबवला. "भाऊ, तिला मागावरच बसवायचं असतं तर इतकी शिकवली कशाला असती?"

यात सगळं आलं. लुगडं विकून शाळा चालवायची, आणि शाळा नीट चालली की लुगडं विणायला पुढचा हात उरत नाही. शाळा यशस्वी झाली की तिचं उत्पन्न कमी होण्याची सोय तिनंच करून ठेवलेली असते. उसाच्या पट्ट्यात हे झालंच आहे, शिकलेला पोरगा शेतात उतरत नाही.

या गाठीवर महेश्वरातच एक प्रयत्न झाला आहे. सॅली होळकर यांनी या शतकाच्या सुरुवातीला विमेनवीव्ह ही संस्था काढली आणि पुढे हँडलूम स्कूल. देशातल्या निरनिराळ्या विणकर गावांतली तरुण मुलं तिथे येतात आणि रचना, बाजार, हिशेब, गिऱ्हाइकाशी इंग्रजीतून बोलणं असं शिकतात. माग न सोडता मागाचा मालक कसं व्हायचं, हा रोख. मला हा प्रयत्न पटतो, पण अर्धाच. ज्याला विणायचं आहे त्याच्यासाठी उत्तमच. पण लुगड्याच्या पैशानं शिकलेल्या मुलानं लुगड्याकडेच परत यावं अशी अपेक्षा शाळेच्या दारावर लिहिली, तर ती शाळा राहणार नाही, वेठ होईल. मावशींच्या मुलीनं नर्सच व्हावं. विणणारे हात टिकवायचे असतील तर विणण्याचा दाम वाढला पाहिजे, ते काम शाळेवर टाकू नये. आपल्या मंडळात याबद्दल मतभेद आहेत हे मला ठाऊक आहे, बैठकीत बोलू.

आपला हिशेब

आता माळ्यावरच्या सातशे प्रती. पुण्यात १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह सुरू झालं तेव्हा गरीब विद्यार्थी माधुकरी मागून शिकत होते. पुढे संस्थेनं स्वतःचा छापखाना काढला, प्रकाशनं काढली, आणि मुद्रणाचं शिक्षणही तिथे आलं. पुस्तकं छापून मुलं शिकवणं म्हणजे अगदीच वेड्याचा उद्योग नव्हे, एवढा दिलासा मला यातून मिळाला. फरक असा, की त्यांच्याकडे यंत्र होतं आणि दुसऱ्यांची कामंही येत होती. आमच्याकडे एक पुस्तिका आणि एक उत्साही माणूस.

पुढच्या बैठकीत मी तीन गोष्टी मांडणार आहे. एक, पुस्तिकेचं खातं मंडळाच्या खात्यापासून वेगळं, आणि छपाईचा खर्च सभासदांच्या वर्गणीतून, विक्रीतून नाही. म्हणजे विक्रीचा प्रत्येक रुपया मुलांचा. सातशे प्रतींची छपाई आता फिटली आहे, त्यामुळे दुकानदाराचे बारा वजा जाऊन प्रतीमागे पूर्ण अठ्ठेचाळीस मिळतात. सगळ्या गेल्या तर ३३,६०० रुपये. दोन, ज्या मुलाला हो म्हणायचं त्याचा पुढच्या वर्षाचाही खर्च आधी बँकेत जमा असला पाहिजे, तोवर हो म्हणायचं नाही. म्हणजे मुलं तिनाऐवजी सुरुवातीला दोनच घेता येतील, आणि हे ऐकायला कुणाला आवडणार नाही. तीन, ठराव लेखी.

ती मुलगी आता एकोणीस वर्षांची आहे. धामनोदच्या बसस्टँडजवळ कपड्यांच्या दुकानात काम करते. मागच्या आठवड्यात मी तिच्या दुकानात गेलो होतो. दहावीची परीक्षा बाहेरून देता येते, राज्य मुक्त शाळेचा फॉर्म मिळतो, असं तिला सांगितलं. तिनं कागद नीट वाचला, घडी करून गल्ल्यात ठेवला आणि विचारलं, "काका, फी केव्हा भरावी लागते?" मी तारीख सांगितली. बैठक तिच्या आधी आहे.